पर्यावरणीय डेटासाठी सिमँटिक तंत्रज्ञान: संशोधकांच्या कार्यशाळेत काय आणि कोणत्या क्रमाने शिकवावे?

प्रश्न: जलनोंदी

नमस्कार. नदीच्या पाण्याची गुणवत्ता, हवामान आणि जलचरांच्या नोंदी अशा वेगवेगळ्या डेटावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी सिमँटिक तंत्रज्ञानाची, म्हणजे डेटाचा अर्थ संगणकालाही कळेल अशा रीतीने मांडण्याच्या तंत्राची, दोन-तीन दिवसांची कार्यशाळा आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सहभागींपैकी बहुतेक जण परिसंस्थांचे किंवा जलरसायनाचे अभ्यासक आहेत. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये स्वतःचे विश्लेषण करण्याइतका सराव त्यांना आहे, मात्र आरडीएफ (माहिती छोट्या विधानांत मांडण्याची पद्धत), ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातील संकल्पना व त्यांचे संबंध यांची औपचारिक मांडणी), स्पार्कल (आरडीएफ डेटाला प्रश्न विचारण्याची भाषा) ही नावे त्यांनी केवळ ऐकलेली आहेत. माझ्या पाहण्यातले अभ्यासक्रम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहेत: आधी ट्रिपल (आरडीएफचे तीन भागांचे विधान), मग आरडीएफ स्कीमा (वर्ग व गुणधर्म ठरवण्याची भाषा), मग आउल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या अधिक समर्थ भाषेतील तर्कशास्त्र आणि अगदी शेवटी पिझ्झा किंवा वंशावळीचे एखादे उदाहरण. ज्यांना स्वतःच्या डेटाचे प्रश्न सोडवायचे आहेत त्यांना हा क्रम मानवेल का, याविषयी मला शंका आहे. सुरुवात कोठून करावी, आउल किती शिकवावे आणि कार्यशाळेनंतर हे काम चालू राहावे म्हणून काय योजावे, यावर जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर: सरिताकाठ

आपली शंका रास्त आहे. माझ्या मते पहिल्या सत्रात आरडीएफचे नावही काढू नये. सहभागींपुढे दोन प्रयोगशाळांची कोष्टके ठेवावीत. दोन्हींत ‘नायट्रेट’ असा स्तंभ असावा आणि दोन्हींचे एकक मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे. फरक एवढाच, की एका प्रयोगशाळेने संपूर्ण नायट्रेट आयनाचे वस्तुमान नोंदवलेले असावे आणि दुसरीने त्यातील केवळ नायट्रोजनचे. दोन्ही पद्धती सर्रास रूढ आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ५० मिलिग्रॅम आहे ते नायट्रेट म्हणून, आणि अमेरिकेतील १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे ती नायट्रोजन म्हणून. नायट्रोजनच्या आकड्याला सुमारे ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो, म्हणजे वरकरणी पाचपट अंतर असलेल्या या दोन मर्यादा प्रत्यक्षात बऱ्याच जवळ आहेत. सहभागींना ही कोष्टके जोडून आलेख काढू द्यावा. मालिकेत मधेच पायरी दिसली की ती प्रदूषणाची आहे की नोंदणीची, यावर वाद सुरू होतो, आणि स्तंभाच्या नावात किंवा एककात त्याचे उत्तर सापडत नाही. पुढचे सगळे शिकवण्याची गरज त्या वादातूनच पटते.

त्यानंतर त्याच स्तंभाचे घटक वेगळे करायला लावावेत: कोणता गुणधर्म मोजला, कोणत्या पदार्थाचा, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या अटीवर, उदाहरणार्थ नमुना गाळलेला होता की नाही. रिसर्च डेटा अलायन्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने तयार केलेली आय-अडॉप्ट ही चौकट नेमकी अशीच मांडणी करते. कागदावर हे जमले की संवेदक आणि निरीक्षणे यांची मांडणी करणाऱ्या सोसा ऑन्टॉलॉजीकडे वळावे. सोसा आणि तिची मोठी बहीण एसएसएन या दोन्ही वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम आणि ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम यांनी २०१७ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केल्या. सोसामध्ये निरीक्षण, नमुना, संवेदक आणि निरीक्षणाचा विषय हे सगळे वेगवेगळे धरलेले असल्यामुळे क्षेत्रकाम करणाऱ्याला ती परकी वाटत नाही. तिच्यातील काळाचा भेद मला विशेष उपयोगाचा वाटतो. पाण्याचा नमुना सोमवारी घेतला आणि विश्लेषण गुरुवारी झाले, तर निरीक्षण ज्या स्थितीला लागू आहे तो काळ सोमवारचा आणि निष्कर्ष हाती आला तो काळ गुरुवारचा. बहुतेक कोष्टकांत ‘दिनांक’ असा एकच स्तंभ असतो आणि त्यात यांपैकी काय लिहिले आहे हे केवळ लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

एका निरीक्षणाचे दहा-बारा ओळींचे टर्टल (आरडीएफ मजकुरात लिहिण्याची पद्धत) प्रत्येकाने एकदा हाताने लिहावे. उरलेली कोष्टके लहानशा पायथन स्क्रिप्टने रूपांतरित करता येतात. स्पार्कलच्या पहिल्या तासासाठी विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहाचे प्रश्न विचारण्याचे पृष्ठ वापरावे, कारण तेथे काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. प्रोटेजे हे ऑन्टॉलॉजी रचण्याचे सॉफ्टवेअर सर्वांच्या संगणकांवर चढवण्यात अर्धी सकाळ जाते, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर: तर्कपक्ष

सरिताकाठ यांच्या क्रमाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्यांच्या आराखड्यात आउलला जागाच दिसत नाही आणि ते मला पटत नाही. वर्गांच्या किचकट व्याख्या खुशाल वगळाव्यात. आउलच्या मुळाशी असलेले खुल्या जगाचे गृहीतक मात्र पहिल्याच दिवशी यायला हवे, कारण डेटाबेस किंवा स्प्रेडशीट वापरणाऱ्याच्या सवयीला ते थेट छेद देते: एखादी गोष्ट नोंदलेली नाही म्हणजे ती असत्य आहे, असे येथे मानले जात नाही. परिसंस्थांच्या अभ्यासकांना हे समजावणे अवघड नाही. एखाद्या ठिकाणी विशिष्ट माशाची नोंद नसणे आणि तो मासा तेथे नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत हे त्यांना चांगलेच माहीत असते. म्हणूनच डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींच्या मानकामध्ये ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ असे स्पष्ट नोंदवण्याची सोय आहे. त्यांच्या या जाणिवेवरच धडा उभा करावा.

हे न समजल्यास काय होते, त्याचा एक नमुना देतो. गुणधर्माचा पल्ला, म्हणजे त्याचे मूल्य कोणत्या वर्गातले असावे ते, आरडीएफ स्कीमामध्ये ठरवून दिला की चुकीची नोंद अडवली जाईल, असे नवशिक्यांना वाटते. प्रत्यक्षात अनुमानयंत्र (दिलेल्या विधानांवरून नवे निष्कर्ष काढणारे सॉफ्टवेअर) तक्रार करत नाही. संवेदकाच्या जागी चुकून नदीचे नाव पडले, तर ती नदी हा संवेदक आहे असा निष्कर्ष ते शांतपणे काढते. सोसाच्या रचनाकारांनी असे कडक पल्ले टाळून केवळ सूचक स्वरूपाची जोड ठेवली आहे, त्यामागची दृष्टी यावरून लक्षात येईल. नोंदी तपासण्याचे काम शॅकल या नियम लिहिण्याच्या भाषेचे, आणि निदान दोन-चार नियम प्रत्येकाकडून लिहून घेतल्याखेरीज कार्यशाळा संपवू नये.

‘सेमअ‍ॅज’ या, दोन ओळखी एकाच गोष्टीच्या आहेत असे सांगणाऱ्या, संबंधाविषयी तर धोक्याची सूचना द्यावीच. मापनकेंद्र काही अंतरावर हलवले गेले आणि जुन्या-नव्या ओळखी या संबंधाने जोडल्या, तर एकाच केंद्राला दोन अक्षांश-रेखांश चिकटतात. पारिभाषिक संज्ञा जुळवताना एसकेओएस या शब्दसंग्रहांच्या मानकातील ‘जवळचे साम्य’ आणि ‘नेमके साम्य’ यांतील भेद वापरावा. शंका असेल तेथे पहिलाच बरा.

उत्तर: कोठारपाल

मी संशोधक नाही, डेटा व्यवस्थापनाचे काम करतो. त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. कार्यशाळेला आलेल्या प्रत्येकाने पुढे टर्टल लिहावे ही अपेक्षा अवास्तव आहे आणि आवश्यकही नाही. संशोधकाने कोष्टकातच काम करावे, मात्र स्तंभांना ठरलेल्या संज्ञांचे यूआरआय, म्हणजे त्यांची ठरावीक वेब-ओळख, जोडलेले असावेत आणि आरडीएफमधील रूपांतर शेवटी एका ठिकाणी व्हावे. अशा व्यवस्थेत संशोधकाला दोन कौशल्ये लागतात: योग्य संज्ञा शोधणे आणि ती न सापडल्यास मागणी नोंदवणे. पहिल्यासाठी ब्रिटिश ओशनोग्राफिक डेटा सेंटरचा शब्दसंग्रह सर्व्हर आणि परिसर, अधिवास, माध्यम यांसाठी एन्व्हो ही ऑन्टॉलॉजी यांवर सराव घ्यावा. दुसरे सहसा कोणी शिकवत नाही. एन्व्होमध्ये नवी संज्ञा हवी असल्यास गिटहब या संकेतस्थळावर व्याख्येसह मागणी मांडता येते, आणि चांगली व्याख्या लिहिण्याच्या धडपडीत आपण नेमके काय मोजत होतो हे संशोधकाला उमगते. कार्यशाळेत प्रत्येक गटाने अशी एक मागणी निदान मसुद्यापर्यंत न्यावी. स्वतःची ऑन्टॉलॉजी रचण्याचा उत्साह आवरायला त्याचा उपयोग होईल, कारण निधी संपल्यावर जिच्याकडे कोणी पाहत नाही अशा ऑन्टॉलॉजींची संख्या आधीच पुरेशी आहे.

प्रतिसाद: जलनोंदी

तिघांचेही आभार. शॅकलचा तास आणि संज्ञेच्या मागणीचा सराव मी आराखड्यात घेत आहे. एक अडचण उरते. आमच्या कोष्टकांत ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ (मापनपद्धतीला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा कमी) अशा नोंदी पुष्कळ आहेत. काही जण तेथे शून्य लिहितात, काही मर्यादेचा निम्मा आकडा, तर काही रकाना रिकामा सोडतात. खुल्या जगाचा धडा दिल्यावर हा प्रश्न सहभागी विचारणारच.

उत्तर: तर्कपक्ष

विचारावाच, आणि सरावासाठी तोच घ्यावा. मापन झाले असल्यामुळे निरीक्षणाची नोंद राहिलीच पाहिजे. रकाना रिकामा सोडला तर मापन झालेच नाही असाही अर्थ निघू शकतो. अशा निरीक्षणाला संख्यात्मक निष्कर्ष देऊ नये, त्याऐवजी त्या पद्धतीची शोधमर्यादा वेगळ्या गुणधर्माने एककासह जोडावी. मग शॅकलमध्ये ‘दोहोंपैकी नेमके एक’ असा नियम लिहिता येतो: निरीक्षणाला एक तर संख्या असेल किंवा ‘मर्यादेपेक्षा कमी’ असा निष्कर्ष असेल, दोन्ही असल्यास किंवा दोन्ही नसल्यास तपासणी अडेल. शून्य घ्यायचे की निम्मा आकडा, हा निर्णय विश्लेषण करणाऱ्याने त्या वेळी घ्यावा आणि तो त्याच्या स्क्रिप्टमध्ये दिसावा, मूळ नोंदीत नव्हे.