मराठी आहे म्हणून मत? मिशिगनची 13वी जागा, श्री ठाणेदार आणि आपण (2024 च्या प्रायमरीआधीची चर्चा)

मिशिगनकर:
6 ऑगस्ट 2024 ला मिशिगनमध्ये प्रायमरी आहे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. 13व्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) डेट्रॉईट भागातल्या मतदारसंघात, डेमोक्रॅटिक पक्षाकडून तिघं रिंगणात आहेत, आपले मराठी खासदार श्री ठाणेदार, डेट्रॉईट सिटी कौन्सिलच्या मेरी वॉटर्स आणि वकील शकीरा हॉकिन्स. ॲडम हॉलिअर पण असते, पण उमेदवारीसाठी मतदारांच्या 1,000 वैध सह्या लागतात, त्यांच्या 863च भरल्या आणि मे महिन्यात नाव बॅलटवरून गेलं. इथे जो ऑगस्टात जिंकतो तो नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जिंकल्यातच जमा, 2022 ला ठाणेदारांना नोव्हेंबरात 71 टक्के मतं होती, म्हणजे खरी निवडणूक हीच.

महिनाभर व्हॉट्सॲपवर एकच चाललंय, "आपला माणूस, आपला माणूस". मी ग्रोस पॉइंट पार्कला राहतो, या डिस्ट्रिक्टमध्येच. जून 2021 चा पाऊस आठवतोय का? बेसमेंटच्या फ्लोअर ड्रेनमधून गटाराचं पाणी उलटं वर आलं, वॉशिंग मशीन, वॉटर हीटर, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर प्रत्येक घरापुढे भिजलेल्या गाद्या आणि सोफे रचलेले. पाऊस प्रचंड होताच, त्यात पंपिंग स्टेशनांना वीज नीट मिळाली नाही. यासाठी लागणारा पैसा शहराच्या खिशात नाही, तो वॉशिंग्टनहून आणावा लागतो. 2024 च्या नियमाने काँग्रेसचा सदस्य वर्षाला 15 पर्यंत स्थानिक कामांसाठी निधी मागू शकतो. त्या 15 मध्ये पंप आणि ड्रेनेज किती, हे मला तिघांकडून ऐकायचंय. मातृभाषा कुठली याचा त्या ड्रेनशी काही संबंध नाही.

बेळगावची पोर:
अहो पण अभिमान वाटला तर बिघडलं काय? चिकोडीत जन्म, गरिबीतून शिक्षण, मुंबई विद्यापीठातून एमएस्सी, बीएआरसीत नोकरी, 1979 ला अमेरिकेत येऊन ॲक्रन विद्यापीठात पीएचडी, मग धंदा उभा केला आणि आज काँग्रेसमध्ये. माझे बाबा बेळगावात त्यांची बातमी आली की पेपर जपून ठेवतात. गरिबी काय असते ते त्या माणसाला भाषणातून शिकावं लागलं नाही. 2023 ला काँग्रेसच्या होमलँड सिक्युरिटी आणि स्मॉल बिझनेस या कमिट्यांवर नेमणूक झाली, डेट्रॉईटच्या छोट्या दुकानदाराला त्याचा उपयोगच आहे ना.

डेट्रॉईटवासी:
ताई, तुमचा अभिमान खरा आहे, पण माझं दुखणं वेगळं आहे. मी शहरातच राहतो, शेजारी सगळे ब्लॅक आहेत. डेट्रॉईटमध्ये चारात तीन लोक ब्लॅक, आणि जानेवारी 1955 ला इथले ब्लॅक नेते चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेल्यापासून 2023 च्या जानेवारीपर्यंत या शहराचा किमान एक तरी ब्लॅक सदस्य तिथे होता. मग हे थांबलं. 2022 च्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं फुटली आणि ठाणेदार 28 टक्क्यांवर जिंकले. खिशातले लाखो डॉलर ओतले होते. 2018 ला गव्हर्नरपदासाठी लढले तेव्हा राहायला ॲन आर्बरला होते, डेट्रॉईटला नंतर आले. शेजारच्या आज्जी विचारतात की तुमच्या माणसाला आमचं शहर कधीपासून कळायला लागलं, तेव्हा मी गप्प बसतो. कायद्याने सगळं बरोबर आहे हे मला कळतं, पण आज्जींना काय सांगू?

ट्रॉयवाला:
आज्जींना सांगा की मतदान खुलं होतं. नऊ जण उभे राहिले यात ठाणेदारांचा काय दोष, बाकीच्यांनी एकमेकांशी बोलून माघार घ्यायची होती. आणि रंग बघून मत द्यायचं असेल तर मग भाषा बघून दिलं तर तुम्हाला का खटकतं? वॉटर्सबाईंबद्दल बोला की. 2001 पासून राज्याच्या विधानसभेत होत्या, 2021 ला कौन्सिलवर निवडून आल्या, परवडणाऱ्या घरांचा मुद्दा त्या लावून धरतात, तो चांगलाच आहे, पण त्यासाठी पैसा कुठून आणणार ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

डेट्रॉईटवासी:
रंग बघून नाही दादा. ज्या लोकांची नळजोडणी बिल थकलं म्हणून 2014 ला हजारोंनी तोडली गेली त्यांच्यातला कुणी तरी टेबलावर असावा एवढंच म्हणतोय. दुकानं असलेली ब्लॅक वस्ती पाडून आय-375 हायवे काढला, आता तो बुजवून रस्ता करायचं ठरतंय, त्या रिकाम्या जमिनीवर हक्क कुणाचा हे पुढच्या काही वर्षांत ठरणार. तिथे ज्याच्या घरच्यांनी ते सोसलंय तो वेगळं बोलेल. आणि ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांतले आपले लोक या डिस्ट्रिक्टमध्ये मतदारच नाहीत, फक्त देणगीचे चेक पाठवतात. चेक पाठवणाऱ्यानं निदान हॅमट्रॅमकला, ईस्ट साइडला एक चक्कर मारावी.

बेळगावची पोर:
हे मान्य. आय-375 चं मला माहीत नव्हतं. पण माणूस बाहेरून आला म्हणून शहराचं काम करू शकत नाही हे मी मानणार नाही, आपण सगळे इथे बाहेरूनच आलोय.

मिशिगनकर:
आणि मी दोघांनाही हेच विचारतोय, काम कुठलं केलं ते दाखवा. ठाणेदारांवर सरकारी पैशातून जाहिराती आणि मेलर छापण्याबद्दल टीका झाली आहे, माझ्याही टपालपेटीत चकचकीत पत्रकं येतात, त्यात पंपिंग स्टेशन एकदाही दिसलं नाही. वॉटर्स, हॉकिन्स यांच्याकडेही मी हाच प्रश्न नेणार. मतदार असाल तर तुम्हीपण विचारा, टाउनहॉलमध्ये, फोनवर, दारात आलेल्या कार्यकर्त्याला. आगाऊ मतदान 27 जुलैला सुरू होतंय आणि 4 ऑगस्टला संपतंय.