भावाशी दावा चालू असताना प्रभुभोजन घ्यावे का?

प्रश्न : शरणपूर रोडवरील सभासद

सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम. मी नाशिकच्या शरणपूर भागातील एका मंडळीचा सभासद आहे. वडिलांच्या पश्चात राहत्या घराच्या वाटणीवरून माझ्या आणि धाकट्या भावामध्ये दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे. आम्ही दोघेही दर रविवारी उपासनेला येतो, दोघेही गुडघे टेकतो आणि प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) रविवारी एकाच वेदीपाशी जातो. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की तो डावीकडच्या बाकांकडे वळतो आणि मी मागे बसलेल्यांशी हात मिळवतो. हे आता मंडळीच्याही अंगवळणी पडले आहे.

आमच्या घरी उपासनेचा आदर फार कडकपणे पाळला जात असे. चर्चच्या दारातून आत गेल्यावर बोलणे बंद, आईचा पदर डोक्यावर, आणि प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घरात कोणाशी वाजले असेल तर ते झोपण्यापूर्वी मिटवायचे, असा वडिलांचा शिरस्ता होता. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौलाने अयोग्य रीतीने भाकर खाण्याविषयी दिलेला इशारा वाचला की आता हात पुढे करण्याची भीती वाटते. दावा निकाली निघेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर राहावे, असे मनात येते. हा देवाचा आदर ठरेल, की आज्ञा टाळण्याचा एक सभ्य मार्ग? जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर 1 : निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

बंधू, आपल्या प्रश्नाचा गाभा मत्तय 5:23-24 मध्ये आहे, आणि ती वचने आपण समजतो त्याहून अधिक कठोर आहेत. वेदीजवळ अर्पण आणले असता ‘तुझ्या मनात भावाविषयी राग आहे’ असे आठवले तर, असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर, असे तो म्हणतो. म्हणजे आपले मन किती स्वच्छ आहे याची तपासणी पुरेशी नाही. समोरच्याची तक्रार काय आहे, ती ऐकायला जायचे आहे. ही शिकवण गालीलात दिली गेली आणि अर्पणाची वेदी होती यरुशलेमात. गालीलातल्या श्रोत्याला अर्पण तिथेच ठेवून भावाकडे परत जायचे म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट होती. आपला भाऊ तर त्याच चर्चमध्ये बसतो.

आदर आणि आज्ञापालन यांची फारकत झाली की काय होते, ते इस्राएलाचा राजा शौल याच्या प्रसंगात दिसते (1 शमुवेल 15). शत्रू अमालेक्यांचे सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा असताना त्यांची उत्तम मेंढरे त्याने राखून ठेवली आणि विचारल्यावर सांगितले की ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी राखली आहेत. आज्ञाभंगाला उपासनेचेच पांघरूण घातले होते. शमुवेल संदेष्ट्याने ते मान्य केले नाही. म्हणून माझे मत असे की, भावाकडे न जाता केवळ प्रभुभोजन सोडणे म्हणजे वचनाचा अर्धाच भाग पाळणे होय. वेदीजवळून उठायला प्रभूने सांगितले आहे ते भावाकडे जाण्यासाठी, आणि तिथून परत येऊन अर्पण वाहण्यासाठी.

उत्तर 2 : प्रार्थनापुस्तकाची वाचक

सरांच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाजूकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपण गेलो आणि भावाने दार लावून घेतले तर? शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने वसवली आणि तिथली उपासना अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वळणाची राहिली, म्हणून त्या परंपरेतील एक नियम इथे सांगणे योग्य वाटते. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी स्पष्ट सूचना आहे की, ज्या दोघांमध्ये वैर आहे त्यांचा समेट होईपर्यंत पाळकाने त्यांना मेजाजवळ येऊ देऊ नये. पुढचे वाक्य मात्र फार मोलाचे आहे : दोघांपैकी एकजण अंतःकरणापासून क्षमा करण्यास आणि आपल्याकडून झालेल्या अन्यायाची भरपाई करण्यास तयार असेल, आणि दुसरा हट्टाने ऐकत नसेल, तर जो तयार आहे त्याला घ्यावे, हट्टी असलेल्याला घेऊ नये. यातील भरपाईची अट लोक सोयीस्करपणे विसरतात.

पौलाच्या इशाऱ्याविषयीही थोडे. करिंथ येथे दोष होता तो असा की, काहीजण आधीच पोटभर जेवत आणि गरीब भाऊ उपाशी राहत. पौलाने त्यांना घरी बसायला सांगितले नाही. प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असे सांगितले. त्यामुळे बेमुदत दूर राहण्याला या अध्यायाचा आधार मिळत नाही. उलट अशा दूर राहण्याची सवय लागते, आणि मंडळीत त्याचीच चर्चा होऊ लागते (आपल्याकडे कोणी वेदीपाशी गेले नाही हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांना कळते).

उत्तर 3 : कॅथलिक वाचक, नाशिक

आमच्या मिस्साविधीत प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एकमेकांना शांती दिली जाते. दुसऱ्या शतकात जस्टिन या हुतात्म्याने केलेल्या उपासनेच्या वर्णनातही भाकर आणि प्याला पुढे आणण्याआधी शांतीचे चुंबन येते. हा क्रम जुना आहे आणि हेतुपूर्वक आहे. आपण भावाकडे पाठ फिरवता ती नेमकी याच जागी. कोर्टाचा निकाल आपल्या हातात नाही, पण तेवढे वळणे आपल्या हातात आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. एक शंका उरते. भावाकडे जायचे म्हणजे दावा मागे घ्यायचा का? घरात माझ्या मुलांचाही हिस्सा आहे, आणि 1 करिंथ 6 मध्ये पौल तर सरळ विचारतो की, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?

उत्तर 4 : वकिली करणारा एक विश्वासी

पौलाचा तो प्रश्न टोचणारा आहे आणि तो बोथट करू नये. पण त्याच अध्यायात तो आधी असेही विचारतो की, भावाभावांचा निवाडा करू शकेल असा शहाणा तुमच्यात एकही नाही का? म्हणजे मंडळीतील निवाड्याचा मार्ग तोच सुचवतो. हक्क सोडणे आणि तडजोड करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 नुसार न्यायालय असा वाद मध्यस्थीकडे किंवा लोक अदालतीकडे पाठवू शकते. लोक अदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. मुलांचे हित तडजोडीच्या अटींमध्ये लिहून घेता येते. मुले अज्ञान (कायद्याने वयात न आलेली) असतील आणि दाव्यात पक्षकार असतील, तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, हे आपल्या वकिलांना आधीच विचारून घ्या.

माझी सूचना अशी की, आधी पाळकसाहेबांना भेटा आणि त्यांना सोबत घेऊन भावाकडे जा, पण कागद नेऊ नका. पहिल्या भेटीत घराचा विषय आपण काढू नये. त्याची तक्रार काय आहे ते त्याला पूर्ण बोलू द्यावे. मध्यस्थीचा अर्ज त्यानंतर, दोघांच्या सहीने करता आला तर उत्तम.