संगीतकार एकत्र येतात ते योगायोगाने की तयारीने?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सुमारे २० वर्षांपूर्वी माझ्या पेटीच्या भात्यातून हवा गळू लागली, म्हणून मी ती शनिवार पेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानात नेली होती. तिथे एक तरुण कोपऱ्यात बसून गिटारला नव्या तारा चढवत होता आणि त्या जुळवता जुळवता त्याच्या हातून यमनाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. दुरुस्त झालेली पेटी तपासण्याच्या निमित्ताने मी त्याची पट्टी पकडली आणि ती ओळ पुढे नेली. दुकानदाराने अर्धा तास आम्हा दोघांनाही उठवले नाही. त्या अर्ध्या तासातून चार जणांचा जो बँड उभा राहिला, तो पुढे ९ वर्षे टिकला.

माझे मत असे आहे की संगीतातील मोठ्या सहकार्यांचे मूळ बहुधा अशा अनपेक्षित भेटीत असते. ऑक्टोबर १९६१ मध्ये इंग्लंडमधील डार्टफर्ड स्थानकावर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स समोरासमोर आले, जॅगरच्या हातातील चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या तबकड्यांवरून बोलणे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्स हा बँड रंगमंचावर आला. आज तारा कुरियरने घरी येतात आणि वादकाची निवड मोबाइलवरील चित्रफीत पाहून होते. ज्याला आपण शोधत नव्हतो असा माणूस त्यामुळे भेटेनासा झाला आहे, आणि हे मला खरोखर मोठे नुकसान वाटते.

तिहाई

आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. आपण दिलेलेच उदाहरण पाहा. जॅगर आणि रिचर्ड्स एकाच गावचे होते, लहानपणी एकाच प्राथमिक शाळेत शिकलेले होते, आणि त्या काळी इंग्लंडमध्ये सहज न मिळणाऱ्या त्या तबकड्या जॅगरने अमेरिकेतून टपालाने मागवल्या होत्या. ज्याने असे संगीत इतक्या खटपटीने मिळवले आणि ज्याने त्या तबकड्या पाहताक्षणी ओळखल्या, त्या दोघांची भेट त्या स्थानकावर झाली नसती तर दुसरीकडे कुठेतरी झाली असती.

आपल्या पुण्याचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. गीतरामायण कोणाच्या अवचित भेटीतून जन्मलेले नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले, तेथील सीताकांत लाड यांनी गदिमांकडे काहीतरी सातत्याने लिहून देण्याचा आग्रह धरला, आणि गदिमा व सुधीर फडके यांचा परिचय तर त्याआधी कितीतरी वर्षांचा होता. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले आणि वर्षभरात ५६ गीते पूर्ण झाली. ठरलेल्या दिवशी प्रक्षेपण आहे म्हणजे त्याआधी शब्द हाती आले पाहिजेत, चाल बांधून झाली पाहिजे, गायक-वादकांची तालीम झाली पाहिजे. हे काम शिस्तीचे आहे, योगायोगाचे नव्हे.

रेवाकाठ

दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. हिंदुस्थानी मैफलीत मुख्य कलावंत आणि तबल्याचा साथीदार कधी कधी मंचावरच पहिल्यांदा भेटतात, आणि तरीही दोन तास उत्तम गाणे होते. गायकाने हाताने लय दाखवली की तबलजी तीनतालाचा ठेका धरतो. १६ मात्रांचे आवर्तन आणि समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, जागा दोघांच्याही अंगात आधीच मुरलेली असते. अनोळखी माणसांना एकत्र वाजवता यावे म्हणून आपल्या परंपरेने ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. बँडचे तसे नसते. तिथे गाणेच नवे असते, कोणी कुठे थांबायचे हेही ठरवावे लागते, त्यामुळे पहिली भेट कितीही रंगली तरी पुढच्या ५० तालमींना पर्याय नसतो. म्हणून आपल्या ९ वर्षांचे श्रेय मी त्या अर्ध्या तासाला देणार नाही.

मंद्रसप्तक

तालमींचे महत्त्व मी नाकारलेले नाही. पण तालीम कोणाबरोबर करायची, हे कोण ठरवते? गदगचे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून फिरत फिरत जालंधरला पोहोचले आणि तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितले की, सवाई गंधर्व तुमच्याच भागात, कुंदगोळला आहेत, त्यांच्याकडे जा. शोध भीमसेनांचा होता, कष्टही त्यांचेच होते. परंतु दिशा एका भेटीने दिली. त्याच गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव होतो आहे.

तिहाई

आणि ती भेट जालंधरलाच का झाली? कारण तिथे संगीताचे मोठे केंद्र होते आणि दूरदूरचे कलावंत येत असत. प्रभात कंपनीतील प्रसिद्ध प्रसंग सिनेमाचा असला तरी इथे लागू पडतो. धोब्याकडून सदऱ्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून देव आनंद व गुरुदत्त यांची ओळख झाली, असे सांगतात. पण दोघांचा धोबी एक होता कारण दोघांची कंपनी एक होती. प्रभात पुण्यात नसती, तर सदरे बदलूनही काही घडले नसते. आपण ज्याला योगायोग म्हणता, त्याच्यामागे कोणीतरी उभी केलेली संस्था असते.

जोडराग

मी व्हायोलिन वाजवते आणि मला या चर्चेत वेगळीच अडचण दिसते. दुकानाच्या कोपऱ्यात अर्धा तास अनोळखी तरुणाबरोबर वाजवत बसणे, कार्यक्रमानंतर रात्री बारापर्यंत कट्ट्यावर रेंगाळणे, कोणाच्या तरी खोलीवर तालमीला जाणे, हे माझ्या वयाच्या किती मुलींना शक्य होते? माझा क्लास संपताच बाबा स्कूटर घेऊन दाराशी उभे असत. मला सहवादक मिळाले ते फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी महाविद्यालयाचा संघ बसवताना, कारण तिथे तालमीची वेळ आणि जागा जाहीर असे व घरून परवानगी मिळे. योगायोगाच्या जागा गेल्या याचे धागाकर्त्यांना दुःख आहे, ते मी समजू शकते. पण त्या जागा माझ्यासाठी कधी उघड्याच नव्हत्या, आणि चित्रफीत पाहून का होईना, आज मला परगावचे वादक स्वतःहून विचारतात.

मंद्रसप्तक

आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्या चौघांत एकही स्त्री नव्हती. दोघे नोकरी करणारे असल्यामुळे आमची तालीम रात्री साडेनऊनंतर सुरू होत असे. दुसऱ्या वर्षी एका गायिकेला आम्ही विचारले होते. तिने तालमीची वेळ विचारली, जागा विचारली, आणि नंतर ती आली नाही. तिला रस नसावा असे आम्ही तेव्हा ठरवून टाकले. वेळ बदलून पाहण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.