विषय: नोव्हेंबरात भोपळे फेकायला आपलं स्वतःचं यंत्र

प्रेषक: युवा विभाग

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपती झाले, आता दसरा-दिवाळीच्या पत्रांची गर्दी सुरू होईल. त्याआधीच हा प्रस्ताव मांडतो. यंदा आपल्या मुलांनी भोपळे फेकायचं एक लाकडी यंत्र स्वतः बांधावं आणि हॅलोविन उलटल्यावर एखाद्या शनिवारी मोकळ्या शेतात ते चालवावं, असं युवा विभागाला मनापासून वाटतं.

अमेरिकेत, डेलावेअर राज्यात नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. हा खेळ इथल्याच मातीतला आहे. १९८६ साली ससेक्स काउंटीतल्या काही मित्रांनी, कुणाचं यंत्र भोपळा सर्वांत लांब फेकतं ते पाहू, म्हणून सुरुवात केली. त्यातून 'पंकिन चंकिन'ची जागतिक स्पर्धा उभी राहिली. दर वर्षी हॅलोविननंतरच्या शनिवार-रविवारी ती भरायची आणि २००७ पासून ब्रिजव्हिलच्या शेतात हजारोंची गर्दी व्हायची. वेल्डर, शेतकरी, इंजिनिअर, शाळकरी मुलं, सगळे वर्षभर गॅरेजमध्ये खपून आपापलं यंत्र घेऊन यायचे. भोपळा आठ ते दहा पौंडांचा, यंत्रातून अखंड बाहेर पडला पाहिजे, हवेत फुटला तर फेक बाद. स्फोटकं अजिबात चालायची नाहीत.

यंत्रांचे गट वेगवेगळे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, शंभर फुटांच्या आसपास नळीच्या तोफा सगळ्यांत लांब मारतात. मग गरगर फिरवून सोडणारी, पिळलेल्या दोरांच्या ताणावर चालणारी, नुसत्या माणसाच्या बळावर चालणारी. आणि वजन खाली पडतं तेव्हा दांडा वर उसळतो ते ट्रेब्युशे. २०१३ साली ब्रिजव्हिलला 'अमेरिकन चंकर' या हवेच्या तोफेने ४,६९४ फूट गाठले. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरहून आलेल्या 'यँकी सीज टू' या ट्रेब्युशेने २,८३५ फूट. युटामध्ये मोॲबजवळ २०१० साली 'बिग टेन इंच' नावाच्या तोफेने ५,५४५ फूट, म्हणजे मैलाच्याही पुढे, भोपळा टाकला. गिनेसमध्ये नोंद आहे.

तोफेचा आकडा मोठा असला तरी आपण ट्रेब्युशेच बांधावा, असं माझं ठाम मत आहे. तोफेत सगळं नळीच्या आत घडतं, मुलांच्या हाती फक्त एक झडप उघडणं राहतं. ट्रेब्युशेत काहीच झाकलेलं नाही. वजन पडताना दिसतं, दांडा फिरताना दिसतो, भोपळा कुठल्या क्षणी सुटला तेही दिसतं. चुकलं तर का चुकलं हे सातवीतलं मूल बोट ठेवून सांगू शकतं. शिवाय दाबाखालची हवेची टाकी मुलांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

कच्चं चित्र सोबत जोडलं आहे. मतं कळवा.

——

प्रेषक: खजिनदार

नमस्कार,

उत्साह समजतो, दादा. माझ्या घरातही दोन उमेदवार तयार बसले आहेत. तरी मंडळाच्या पैशांची आणि जबाबदारीची चौकट सांभाळायचं काम माझं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

ती मोठी स्पर्धा इथून का गेली, तेही मुलांना सांगायला हवं. २०११ मध्ये मैदानावर चारचाकी मोटारसायकल उलटून एक स्वयंसेवक जबर जखमी झाला, पुढे दावा दाखल झाला. त्यानंतर विम्याचा आणि जागेचा प्रश्न सुटेना, आणि २०१४ व २०१५ ला स्पर्धाच झाली नाही. २०१६ ला पुन्हा भरली, तर एका हवेच्या तोफेचा तुकडा उडून एक स्त्री गंभीर जखमी झाली. पुढची दोन वर्षं पुन्हा बंद, आणि २०१९ ला स्पर्धा भरली ती इलिनॉयमधल्या रँटूलला. ज्या गावांनी हा खेळ वाढवला त्यांच्या हातून तो गेला.

आपला वार्षिक विमा सभागृहातल्या कार्यक्रमांचा आहे. शेतात, लाकडी यंत्र, वर मुलं, यातलं काहीच त्यात बसत नाही. लोक कुठे उभे राहणार, दोर कोण ओढणार, यंत्र उलट्या दिशेला फेकू शकतं का, याची उत्तरं लेखी हवीत. ती मिळेपर्यंत मी एक डॉलरही मंजूर करणार नाही.

——

प्रेषक: अण्णा, डोव्हर

चि. युवा विभाग,

दोन गोष्टी लिहितो. पहिली मनाला लागलेली. आमच्या लहानपणी, दुष्काळाच्या वर्षी, डांगराची भाजी आणि भाकरी हेच दोन्ही वेळचं जेवण होतं. खाण्याची वस्तू मातीत आपटायची आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला पटकन पचत नाही. खंडेनवमीला यंत्रापुढे आपण कोहळा फोडतो, पण तो एक, आणि त्यामागे भाव असतो. याचं उत्तर आधी द्या.

दुसरी गोष्ट तुमच्या चित्राबद्दल. दांड्याच्या टोकाला जी झोळी काढली आहे तिच्या दोऱ्या फार आखूड आहेत. ही सरळसरळ गोफण आहे. मी सोलापूरकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण चालवलेली आहे. एका दोरीचा फास बोटात अडकवलेला, दुसरीचं टोक चिमटीत. फिरवायची आणि नेमक्या वेळी चिमूट सोडायची. दोरी आखूड झाली की दगडाला वेग येत नाही, आणि चिमूट क्षणभर आधी सुटली की दगड आभाळात जातो, क्षणभर उशिरा सुटली की पुढ्यातल्या ज्वारीच्या ताटांत. तुमच्या यंत्रात चिमटीचं काम कोण करणार, ते चित्रात मला दिसलं नाही.

——

प्रेषक: युवा विभाग

अण्णा, ताई, आणि सर्व मंडळी,

आधी अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते दिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आपण दुकानातून एकही भोपळा विकत आणणार नाही. इथे ऑक्टोबरभर दारोदार मांडले जातात ते नक्षी कोरायला वाढवलेले भोपळे, पाणचट आणि धाग्याधाग्यांचे. नोव्हेंबर उजाडला की ते कचऱ्यात जातात आणि लँडफिलमध्ये कुजून मिथेन सोडतात. आपण सभासदांच्या दारातले, न कोरलेले, घट्ट सालीचे भोपळे गोळा करू. ज्यांच्या शेताबद्दल बोलणं चाललं आहे ते शेतकरी स्वतःचे उरलेले भोपळे दर वर्षी नांगराखाली घालतात. आपले तुकडेही त्याच जमिनीत जातील. रंग लावलेला किंवा चमकी चिकटवलेला भोपळा घ्यायचा नाही. आणि खाण्याजोगे चांगले भोपळे आले तर ते आधी बाजूला काढून अन्नपेढीत पोहोचवायचे, हे काम मुलांचंच. अण्णा, एवढ्यावर तुमचं मन मानत असेल तर सांगा. नसेल तर मी फोन करतो, आपण बोलू.

आता चिमूट. दांड्याच्या टोकाला लोखंडाचा एक खिळा बसतो. गोफणीची एक दोरी दांड्याला कायमची बांधलेली, दुसरीच्या टोकाला कडी, आणि ती कडी नुसती खिळ्यावर चढवलेली. दांडा वर येतो तशी गोफण त्याला मागे टाकून पुढे धावते, एका कोनात कडी आपोआप खिळ्यावरून निसटते आणि झोळी उघडते. खिळा दांड्याच्या रेषेत सरळ ठेवला तर कडी लवकर सुटते, भोपळा उंच जातो. खिळा पुढे वाकवला तर कडी उशिरा सुटते, फेक सपाट होते. सगळी करामत त्या बोटभर लोखंडाच्या वाकात आहे, आणि मुलांचा बहुतेक वेळ तो वाक शोधण्यातच जावा अशी माझी इच्छा आहे. दोऱ्यांबद्दल अण्णांचं म्हणणं अगदी बरोबर. नव्या चित्रात गोफण दांड्याच्या लांब बाजूइतकी केली आहे.

मोजमापं अशी: दांडा तीन मीटरचा, आस अशा ठिकाणी की एका बाजूला ६० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला २.४ मीटर, म्हणजे एकास चार. आखूड बाजूला व्यायामशाळेतल्या लोखंडी चकत्यांचं १०० किलो वजन. भोपळा एक किलोचा. स्पर्धेतला साडेतीन-साडेचार किलोचा भोपळा आपल्याला पेलायचा नाही. वजन आणि भोपळा यांचं शंभरास एक हे प्रमाण ट्रेब्युशे बांधणाऱ्यांमध्ये रुळलेलं आहे.

मुलांना हा हिशेब पाटीवर करून दाखवायचा आहे. वजन साधारण एक मीटर खाली येतं. सगळी ऊर्जा भोपळ्याला मिळाली आणि तो ४५ अंशांत सुटला, तर तो जास्तीत जास्त किती लांब जाईल? वजनाला भोपळ्याच्या वजनाने भागा, पडण्याच्या उंचीने गुणा, दुप्पट करा. शंभर गुणिले एक गुणिले दोन, दोनशे मीटर. प्रत्यक्षात दांडा स्वतः जड असतो, वजन खाली आल्यावरही झुलत राहतं, हवा अडवते. निम्मं मिळालं तरी आनंद. पण त्या निम्म्यातही भोपळा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने सुटतो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं आहे.

म्हणून ताईंच्या प्रश्नांची उत्तरं. होय, यंत्र उलट्या दिशेला फेकू शकतं. कडी फार लवकर सुटली की भोपळा सरळ वर किंवा मागे जातो. त्यामुळे मोकळी जागा पुढे २५० मीटर आणि मागेही तितकीच. दांडा एकाच उभ्या पातळीत फिरतो, म्हणून लोक उभे राहतील ते बाजूला, निदान ५० मीटरवर, दोरी बांधून आखलेल्या रेषेमागे. दांडा खाली ओढून धरला की आधी लोखंडी अडसर घालायचा, मग भोपळा ठेवायचा, मग सगळे मागे, आणि सगळ्यांत शेवटी अडसर तोच मोठा माणूस काढेल ज्याच्या हाती घोड्याचा, म्हणजे यंत्र सोडणाऱ्या खटक्याचा, दोर आहे. दोर लांब, बाजूला नेलेला. वर चढवलेल्या वजनाखाली कुणी हातही घालायचा नाही, पडलेली वस्तू उचलायलासुद्धा नाही. रिकामं यंत्र कधीच सोडायचं नाही, कारण भोपळा नसला की सगळा हिसका दांड्याला बसतो आणि लाकूड फाटतं. सुरुवात ३० किलोने, प्रत्येक फेकीनंतर सांधे तपासून मगच वजन वाढवायचं. मोजणीला शेतात चालत जायचं, तेही अडसर घातलेला असताना. वाहन एकही नाही.

सभासदांच्या इंग्लंडमधल्या नातेवाईकांसाठी एक पुस्ती: वॉरिकच्या किल्ल्यात २००५ मध्ये १८ मीटर उंच आणि २२ टनांचा ट्रेब्युशे उभारला. मुलांना घेऊन जाणार असाल तर तो अजून तिथे आहे का, ते आधी विचारून घ्या. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात असंच अजस्र यंत्र उभं केलं होतं, 'वॉरवुल्फ' नावाचं. आपल्याकडे रणथंभोरच्या वेढ्यातही अशी दगडफेकी यंत्रं होती. सातशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी पाटीशिवाय हे जमवलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

——

प्रेषक: एक पालक, मिडलटाउन

नमस्कार,

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक विनंती. मुलांना एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. खिळ्याचा वाक बदलला तर दोरी आणि वजन तेच ठेवायचं. नाहीतर भोपळा लांब जातो, सगळे ओरडतात, आणि कशामुळे गेला हे कुणालाच कळत नाही. भोपळे प्रत्येक वेळी वेगळ्या वजनाचे, म्हणून प्रत्येक भोपळा तराजूवर ठेवून वजन नोंदवायचं. वाक शोधण्याच्या फेकी खऱ्या भोपळ्यांवर घालवू नका. एक किलो वाळू भरलेल्या, पक्क्या शिवलेल्या पिशव्या मी करून देते. त्या पुन्हा पुन्हा वापरता येतील, आणि अण्णांनाही बरं वाटेल.

आणखी एक. करवत आणि ड्रिल मुलींच्याही हाती द्या. गेल्या उपक्रमात मुलींकडे रंगकाम आलं होतं. माझ्या मुलीने त्याबद्दल घरी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

——

प्रेषक: अण्णा, डोव्हर

चि. युवा विभाग,

अन्नपेढीचं आणि वाळूच्या पिशव्यांचं वाचलं. हरकत मागे घेतो.

गोफणीची झोळी मी विणून देईन. इथे अंबाडी मिळायची नाही, तेव्हा सुती दोर पाठवा, नायलॉन नको. नायलॉन ताणतो, आणि ताणला की कडी रोज वेगळ्या जागी सुटेल. झोळी खोलगट पाहिजे, भोपळा घरंगळला नाही पाहिजे. मुलांना गाठी शिकायच्या असतील तर रविवारी दुपारी पाठवा, पण चार-चारच्या गटाने.

खंडेनवमीपर्यंत सांगाडा उभा राहिला तर पूजा घालू. कोहळा मी आणतो.

——

प्रेषक: खजिनदार

नमस्कार सर्वांना,

युवा विभागाचं उत्तर कार्यकारिणीने वाचलं. सुरक्षेचा परिच्छेद आहे तसाच छापून प्रत्येक पालकाच्या सहीने परत घ्यायचा. एका दिवसाच्या कार्यक्रमाच्या विम्याचं दरपत्रक मी मागवलं आहे. त्यात यंत्राचा उल्लेख स्पष्ट असेल, 'शेतावरची सहल' असं मोघम लिहून विमा घेणार नाही. विमा आणि शेतकऱ्यांचं परवानगीपत्र हाती आल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही. विमा मिळाला नाही तर यंत्र बांधायचं, पूजा करायची, पण चालवायचं नाही, हे मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

लाकूड, आस आणि बेअरिंग यांचा खर्च मंजूर. व्यायामशाळेतल्या चकत्या विकत घ्यायच्या नाहीत. ज्यांच्या तळघरात त्या पडून आहेत त्यांनी या पत्राला उत्तर द्यावं, वजन किलोत लिहावं.

करवतीबद्दल मिडलटाउनच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. कामाची वाटणी चिठ्ठ्या टाकून करा.

दादा, लाकडाची यादी गुरुवारपर्यंत पाठवा आणि पावत्या मंडळाच्या नावाने घ्या.