जुना, मंदावलेला फोन: कंपनीचं सॉफ्टवेअर काढून कस्टम रॉम टाकावी का? सल्ला हवा

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड फोन आहे. ३ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, अँड्रॉइड १०. कंपनीने अपडेट देणं केव्हाच बंद केलंय. काच शाबूत आहे, बॅटरी दिवसभर पुरते, पण फोन इतका मंद झालाय की कीबोर्ड उमटायलाही थांबावं लागतं. कॉल आला तर आधी रिंग वाजते आणि उचलायचं बटण मागाहून येतं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणत्याही कंपनीचा फोन असलेल्याला हा धागा उपयोगी पडावा असं वाटतं. लिनेज ओएस या कस्टम रॉमच्या (म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या) अधिकृत यादीत माझं मॉडेल आहे, एवढं पाहून ठेवलंय. संगणकावर थोडंफार काम जमतं, पण फोन कधी फ्लॅश केलेला नाही, म्हणजे त्यात दुसरी प्रणाली टाकलेली नाही. चांगल्या अवस्थेतलं यंत्र केवळ सॉफ्टवेअरपायी फेकून द्यायला मन होत नाही. रॉम टाकावी का? टाकायची तर कोणती? आणि काय बिघडू शकतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

तारयंत्र

रॉमकडे वळण्याआधी फोन कशामुळे मंद झालाय ते शोधा. तीच तक्रार दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते आणि रॉम त्यातल्या एकावरच उपाय आहे.

पहिलं कारण सॉफ्टवेअरचं. कंपनीने लादलेली अ‍ॅप्स, त्यांच्या पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा, कंपनीचं जड होमस्क्रीन. ३ जीबी रॅममध्ये हे सगळं बसवताना फोन सतत अ‍ॅप्स मारतो आणि पुन्हा उघडतो. हे रॉमने सुधारतं.

दुसरं कारण साठवणीच्या चिपचं. त्या काळातल्या स्वस्त आणि मध्यम फोनमध्ये बहुतेक ईएमएमसी असे. ती एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकत्र करत नाही. यूएफएस प्रकारची चिप करते. त्यात ३२ जीबी गच्च भरलेली असेल तर नवीन काही लिहिण्यासाठी चिपला आधी जुने तुकडे हलवून जागा मोकळी करावी लागते, आणि तेवढ्यात वाचन ताटकळतं. कीबोर्ड उशिरा उमटतो तो अनेकदा यामुळे. चिपच झिजलेली असेल तर जगातली कुठलीही रॉम तिला तरुण करू शकत नाही.

सेटिंग्जमध्ये जाऊन मोकळी जागा किती आहे ते आधी सांगा. पाचवा हिस्सा तरी रिकामा हवा.

आणि एक चाचणी सुचवतो. रॉम टाकायला आधी बूटलोडर (फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि तो करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातोच. म्हणजे रॉम टाकायची असेल तर बॅकअप घेणं तुम्हाला चुकत नाही. मग बॅकअप घ्या, आधी फक्त फॅक्टरी रिसेट करा आणि एकही अ‍ॅप न टाकता थोडा वेळ वापरून बघा. कोरा फोन चपळ चालला आणि नेहमीची अ‍ॅप्स चढवल्यावर मंदावला तर दोष सॉफ्टवेअरच्या ओझ्याचा. कोराच फोन अडखळला तर दोष बहुधा चिपचा, आणि पुढची मेहनत वाचली.

मोरपीस

तारयंत्र यांना +१. त्यात माझी भर.

रॉमच्या आधी आणखी एक पायरी आहे जी बरेच जण ओलांडून जातात: डीब्लोट, म्हणजे कंपनीने लादलेली अ‍ॅप्स काढणं. डेव्हलपर ऑप्शन्स चालू करा (सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप), यूएसबी डीबगिंग द्या आणि संगणकावरून एडीबीने (केबलवरून फोनला आज्ञा देणारं साधन) कंपनीची नको ती अ‍ॅप्स आपल्या वापरकर्त्यापुरती काढून टाका. बूटलोडरला हात लागत नाही, वॉरंटीचा प्रश्न येत नाही, बँकेची अ‍ॅप्स रुसत नाहीत. चुकीचं काही निघालं तरी फॅक्टरी रिसेट केल्यावर ते परत येतं. फोन, संदेश आणि सिस्टिम यूआय यांना मात्र हात लावू नका. डेव्हलपर ऑप्शन्समध्येच अ‍ॅनिमेशनचे तिन्ही आकडे ०.५ वर आणा. खरा वेग वाढत नाही, पण हाताला फरक जाणवतो.

बँकेच्या अ‍ॅप्सबद्दल थोडं कळकळीने लिहिते. बूटलोडर अनलॉक असल्याचं फोन लपवत नाही. गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (फोनची प्रणाली मूळ आहे का ते पाहणारी, जुन्या सेफ्टीनेटच्या जागी आलेली) असा फोन साधारणपणे वरच्या पातळ्यांवर नापास होतो. तो निकाल पाहून काय करायचं हे प्रत्येक अ‍ॅप स्वतः ठरवतं. काही चालू राहतात, काही उघडायलाच नकार देतात, आणि आज चालणारं अ‍ॅप पुढच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. ही तपासणी चकवणारे मार्ग इंटरनेटवर खूप सापडतील. ज्या फोनवर पैशांचे व्यवहार होतात तिथे अनोळखी माणसाने लिहिलेलं, रूटचे (फोनवर पूर्ण ताबा देणारे) अधिकार मागणारं मोड्यूल बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे प्रश्न असा: हा तुमचा एकमेव फोन आहे का?

चकमक

वरच्या दोघांशी सहमत, पण रॉमची बाजूही मांडायला हवी. मी या वाटेने बरेच फोन जगवलेत.

थोडी पार्श्वभूमी. २००९ च्या सुमारास सायनोजेनमॉड सुरू झालं. स्वयंसेवकांनी गूगलच्या खुल्या अँड्रॉइडवर उभं केलेलं ते काम. २०१४ साली वनप्लस वन हा फोन त्याचीच व्यावसायिक आवृत्ती घेऊन बाजारात आला होता. २०१६ च्या डिसेंबरात तो प्रकल्प बंद पडला आणि त्याच कोडवरून लिनेज ओएस पुढे आलं. आजच्या घडीला नवख्या माणसाला मी तेच सुचवतो. त्यात भपका नाही. कंपनीची अ‍ॅप्स नाहीत, गूगलचीही नाहीत, हवी तर वेगळी टाकायची.

तुमचं मॉडेल अधिकृत यादीत आहे हे महत्त्वाचं. अधिकृत म्हणजे त्या मॉडेलला सांभाळणारा माणूस आहे आणि कॉल, कॅमेरा, वायफाय यांसारख्या गोष्टी चालल्याच पाहिजेत असे लेखी नियम आहेत. अपडेट फोनमध्येच मिळतात. अनधिकृत बिल्डला असलं बंधन नसतं, काही फार छान असतात, काही अर्धवट सोडून दिलेली. पहिल्या वेळी तिकडे जाऊ नका.

फोनच्या नावापेक्षा त्याचं कोडनेम (रॉमच्या यादीत वापरलं जाणारं अंतर्गत नाव) बघा. एकाच नावाने विकल्या गेलेल्या फोनच्या आत निरनिराळ्या देशांसाठी वेगळी चिप असू शकते. सॅमसंगच्या कितीतरी मॉडेलांत एक्झिनॉस आणि स्नॅपड्रॅगन असे दोन प्रकार आहेत आणि एकाची रॉम दुसऱ्याला चालत नाही.

मग बूटलोडर अनलॉक होतो का ते पाहा. इथे कंपनीगणिक नियम बदलतात. पिक्सेलला एक कमांड पुरते (दूरसंचार कंपनीकडून घेतलेले काही पिक्सेल सोडून). शाओमीला खातं जोडून काही दिवस वाट पाहावी लागते. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच थांबवलं. सॅमसंगमध्ये नॉक्सचा (त्यांच्या सुरक्षा प्रणालीचा) फ्यूज कायमचा उडतो, नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत.

गमावण्यासारखं काय आहे तेही ऐका. कंपनीच्या कॅमेरा अ‍ॅपमधली प्रक्रिया जाते, फोटो सहसा थोडे उतरतात. काही फोनवर वाइडवाइन (चित्रपटांची नक्कल रोखणारी प्रणाली) एल१ वरून एल३ वर घसरतं, म्हणजे चित्रपटांच्या अ‍ॅपमध्ये एचडी मिळत नाही. आणि सगळ्यात गंभीर बाब व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून होणारे कॉल. तुमच्या नेटवर्कने जुन्या २जी-३जी सेवा बंद केल्या असतील आणि रॉममध्ये व्हीओएलटीई चालत नसेल, तर कॉलच लागणार नाहीत. तुमच्या मॉडेलच्या चर्चेत हा एक शब्द शोधून वाचाच.

पाऊलवाट

तिघांचेही मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

साठवण जवळजवळ भरलेली होती. फोटो संगणकावर हलवले, बॅकअप घेतला आणि फॅक्टरी रिसेट केला. कोरा फोन चांगला चालला! मग कंपनीची अ‍ॅप्स आपोआप अपडेट झाली, मी माझी मोजकी अ‍ॅप्स टाकली, आणि अर्धी मोकळी जागा असूनही पुन्हा अडखळू लागला. डीब्लोट करून पाहिलं. फरक पडला, पण अँड्रॉइड १० आणि जुने सुरक्षा पॅच तसेच आहेत, ते मला खटकतंय.

बँकेसाठी दुसरा फोन आहे. हा फोन वाचन, नकाशे, गाणी आणि दुसऱ्या सिमचे कॉल यासाठी हवा. माझ्या मॉडेलवर लिनेजमध्ये व्हीओएलटीई चालतं असं तिथल्या बऱ्याच जणांनी लिहिलंय. तेव्हा टाकायचं ठरवलंय. क्रम सांगाल का?

चकमक

मग निर्धास्त टाका. लिनेजच्या विकीवर प्रत्येक मॉडेलचं स्वतंत्र पान असतं. तेच पान, वरपासून खालपर्यंत, एकदा नुसतं वाचून काढा आणि मग सुरुवात करा. व्हिडिओ पाहून करू नका. व्हिडिओतला फोन तुमचा नसतो आणि तो बनवल्यानंतर पद्धत बदललेली असते.

त्या पानावर 'आधी अमुक फर्मवेअर (चिपसाठीचं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) हवं' असं लिहिलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या. त्यावर आधी जायचं, मगच रॉम. उलट जुन्या फर्मवेअरवर मागे जाताना फार जपून, काही फोनमध्ये अँटी-रोलबॅक असतं आणि मागे गेलेला फोन सुरूच होत नाही.

क्रम साधारण असा. फोनमधून गूगल खातं काढा, नाहीतर पुसल्यावरही जुनं खातं मागत बसण्याची शक्यता असते. बॅटरी अर्ध्याहून बरीच वर ठेवा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करा. फास्टबूटमधून (संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देण्याची अवस्था; सॅमसंगला डाउनलोड मोड) बूटलोडर उघडा. लिनेजचीच रिकव्हरी (रॉम टाकण्यासाठीची छोटी प्रणाली) टाका. टीडब्ल्यूआरपी ही दुसरी रिकव्हरी प्रसिद्ध आहे, पण नव्या अँड्रॉइडमधलं एन्क्रिप्शन तिला अनेक फोनवर उलगडत नाही, आणि तुमच्या पानावर ज्या रिकव्हरीने चाचणी झाली आहे ती लिनेजची आहे. मग रिकव्हरीतून फॉरमॅट डेटा, आणि एडीबी साइडलोडने (केबलवरून संगणकातून पाठवून) रॉम.

उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइलची ओळखखूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते.

तारयंत्र

गूगलच्या सेवा हव्यात की नकोत हे पहिल्यांदा फोन सुरू करण्याआधीच ठरवा. जीअ‍ॅप्सचं, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप्स-सेवांचं पॅकेज (लिनेज माइंडदगॅप्स सुचवतं) रॉमनंतर लगेच, रिकव्हरीतच टाकायचं. एकदा फोन सुरू झाला आणि मग टाकलं तर गोंधळ होतो, पुन्हा सगळं पुसावं लागतं. रॉम टाकल्यावर रिकव्हरी रीस्टार्ट करायला सांगितलं तर तसं करा. 'सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड' दिसलं तर घाबरू नका, ते पॅकेज लिनेजच्या किल्लीने सही केलेलं नसतं, पुढे जा म्हणायचं.

तुमचा वापर पाहता माझा सल्ला जीअ‍ॅप्सशिवाय. ३ जीबी रॅममध्ये गूगलच्या प्ले सेवा नसण्याने फरक जाणवतो. एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानात वाचन, गाणी आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे नकाशे, सगळं मुक्त स्वरूपात मिळतं. काही अ‍ॅप्सच्या सूचना वेळेवर येणार नाहीत, तेवढं चालणार असेल तर.

पाऊलवाट

बूटलोडर उघडला, रिकव्हरी बसली, फॉरमॅट झालं. आता साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबलंय आणि संगणकावर 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असं काहीतरी आलंय. केबल काढलेली नाही. काय करू?

चकमक

काहीही करू नका, केबल राहू द्या, फोनच्या पडद्याकडे बघा. तिथे काम पूर्ण झाल्याचा संदेश असेल तर रॉम व्यवस्थित बसली आहे. संगणकावरचा टक्का फसवा असतो, ४७ वर थांबणं ही एडीबीची जुनी आणि विकीवर नोंदवलेली सवय आहे.

पाऊलवाट

पडद्यावर पूर्ण झाल्याचंच लिहिलं होतं. जीअ‍ॅप्स टाकलं नाही. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागला, आता चालतोय. कीबोर्ड टॅप करताक्षणी येतो! कॉल लावून पाहिला, आवाज दोन्हीकडून स्वच्छ. कॅमेरा खरोखरच थोडा उतरला आहे, चालेल.

दोन शंका. सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचच्या दोन तारखा दिसतात, एक ताजी आणि एक खूप जुनी. आणि आता बूटलोडर परत लॉक करू का, म्हणजे फोन सुरक्षित होईल?

मोरपीस

अभिनंदन!

ताजी तारीख अँड्रॉइडच्या भागाची, ती लिनेज देतं. जुनी तारीख व्हेंडरची, म्हणजे चिप आणि मोडेम यांच्या बंद फर्मवेअरची. ते फक्त कंपनी देऊ शकते आणि तिने थांबवलंय, त्यामुळे ती तारीख तिथेच राहणार. लिनेज हे झाकून न ठेवता दाखवतं, याचं मला कौतुक आहे. बँकेचं काम दुसऱ्या फोनवरच ठेवायला हे आणखी एक कारण.

चकमक

बूटलोडर लॉक करू नका. लॉक झालेला बूटलोडर कंपनीच्या किल्लीने सही केलेली प्रणालीच सुरू करतो, लिनेजवर ती सही नाही, आणि फोन तिथेच अडकेल. पिक्सेलवरचं ग्राफीनओएस स्वतःच्या किल्लीने पुन्हा लॉक करता येतं, तशी सोय फार थोड्या फोनमध्ये आहे. तुम्ही लांब पासवर्ड ठेवा, डेटा एन्क्रिप्टेड आहेच. आणि लिनेजच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाताना, म्हणजे अँड्रॉइडचा आकडा बदलतो तेव्हा, फोनमधल्या अपडेटरवर विसंबू नका. तुमच्या मॉडेलच्या पानावर अपग्रेडचा वेगळा विभाग आहे, तो वाचून रिकव्हरीतून करा.