मदत हवी आहे : कंत्राटी कामगाराची बांधिलकी नेमकी कोणाशी मोजावी?

सप्रेम नमस्कार. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई आणि डाळ उद्योगांत मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पद्धतींचा कामगारांच्या वर्तनावर होणारा परिणाम हा माझ्या पीएच.डी.चा विषय असून, बांधिलकी मोजण्यासाठी मी मेयर आणि ॲलन या संशोधकांचे १९९१ मधील त्रिघटक प्रारूप (संस्थेविषयीची आपुलकी, ती सोडल्यास होणारा तोटा आणि टिकून राहण्याची कर्तव्यभावना हे तीन घटक मानणारे) निवडले आहे.

अडचण अशी, की त्यावर आधारित प्रश्नावली एकाच संस्थेविषयी विचारते; येथे मात्र कंत्राटी कामगार काम कारखान्याचे करतो, हजेरी आणि पगार ठेकेदाराकडे असतो, आणि पुष्कळदा त्याला कामावर लावणारा त्याच्याच गावचा कोणी नातलग असतो. हा शेवटचा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नोकरी न सोडण्यामागे कारखान्याविषयीची आपुलकी नसून त्या नातलगाची भीडही असू शकते. कारखाना आणि ठेकेदार यांच्यासाठी तीच प्रश्नावली दोनदा भरून घेता येईल, पण पाळी संपवून थकलेल्या माणसाला इतके बसवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मुकादमासमोर मोकळी उत्तरे मिळणार नाहीत, म्हणून घरी जाऊन बोलीभाषेत विचारण्याचा मानस आहे.

धुळे, नंदुरबार किंवा भुसावळ भागात कंत्राटी कामगारांवर संशोधन केलेल्यांनी हा प्रश्न कसा सोडवला आणि प्रश्नावली किती लहान केली तरी परीक्षकांनी ती ग्राह्य धरली, हे कृपया सविस्तर कळवावे.