मदत हवी आहे: घंटागाडी बंद, ठेकेदार हात वर करतो, पालिका पण. अर्जात कलम कुठलं लिहू?

येरळाकाठ
सांगली जिल्हा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. घंटागाडी बंद झालीय. आरोग्य विभाग म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो पोरं कामावर येत नाहीत, मी काय करू. ठेका रद्द करता येतो का? निदान बिल कापता येतं का? कलम तेवढं सांगा, लेक्चर नको. शुक्रवारच्या आत पाहिजे.

निवृत्त_कारकून
नगरपालिका, नगरपंचायत की महापालिका? संपावर कायम कामगार की ठेक्यावरचे? आणि आपण कोण?

येरळाकाठ
नगरपालिका. ठेक्यावरचे. मी कोण याचा काय संबंध?

मिरजकर७७
मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतला संप मोडायचा कायदा, लावायला सांगा. दुसऱ्या दिवशी गाड्या फिरतात की नाही बघा.

लालबावटा
मेस्मा राज्य सरकार लावतं ओ, तुमचा मुख्याधिकारी नाही. आणि पोरं का बसलीत ते धागाकर्ते सांगतच नाहीत.

येरळाकाठ
दोन महिने पगार नाही म्हणे. ठेकेदार म्हणतो पालिकेनं बिल अडवलंय. ते त्यांचं ते बघतील, कचरा कोण उचलणार ते बोला.

मिरजकर७७
संपाआधी १४ दिवस नोटीस द्यावी लागते. दिली का त्यांनी?

लालबावटा
आणि महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. दिला का त्यांनी?

निवृत्त_कारकून
भांडण नंतर करा. येरळाकाठ, पगाराचं सुरुवातीलाच सांगायचं ना. बिल अडकलं म्हणून ठेकेदाराला पगार थांबवता येत नाही. त्यानं नाही दिला तर मूळ मालक म्हणून पालिकेनं द्यायचा आणि त्याच्या बिलातून वळता करायचा. कंत्राटी कामगार कायदा १९७०, कलम २१(४). म्हणजे हात वर करायला दोघांनाही जागा नाही.

ठेका रद्द करायच्या नादी लागू नका. नवी निविदा, हरकती, कोर्ट, तोवर पावसाळा येतो. माहिती अधिकारात करारनामा मागा. त्यात तीन गोष्टी बघा: गाडी न फिरल्यास रोजचा दंड, ‘ठेकेदाराच्या जोखीम व खर्चाने’ दुसऱ्याकडून काम करून घ्यायची अट, आणि संप ‘अपरिहार्य परिस्थिती’त धरलाय का. ही तिसरी ओळ असली की ठेकेदार दंडातून सुटतो. पगार थकवून ओढवलेला संप तिथं धरायचा नाही, असं निविदेतच लिहायला पाहिजे. कुणी लिहीत नाही.

कोर्टकचेरी
साहेब, १९७० चा कायदा गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू आहेत. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२०, कलम ५५. जुन्या कलमावर अर्ज दिला तर टोपलीत जाईल.

निवृत्त_कारकून
दोन्ही लिहा, शिवाय नगरपरिषद अधिनियम १९६५ चं कलम ४९. साफसफाई पालिकेचं बंधनकारक काम आहे, ठेका दिला म्हणून ते सुटत नाही. कलमापेक्षा आवक नंबर घ्यायला विसरू नका.

हळदीचं_पान
मी ओला कचरा माठातच जिरवते. थोडं आंबट ताक शिंपडायचं, वास येत नाही. घंटागाडी आली काय, न आली काय.

येरळाकाठ
काकू, पाचशे पत्रावळ्या आणि उरलेला भात तुमच्या माठात बसणार आहे का?

निवृत्त_कारकून
पाचशे? मंगल कार्यालय आहे होय तुमचं!

येरळाकाठ
हो. शुक्रवारी लग्न आहे, गेटजवळ ढीग. वधूचे वडील दिवसातून दोनदा फोन करतात.

कोर्टकचेरी
मग प्रश्नच बदलला. रोज १०० किलोच्या वर कचरा होत असेल तर तुम्ही मोठे कचरानिर्माते. ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी तुमची. पालिकेकडे अर्ज घेऊन जाल आणि नोटीस घेऊन याल.

लालबावटा
आणि एवढे दिवस तो ढीग दोन महिने बिनपगारी पोरं उपसत होती.

मिरजकर७७
जेवण वराहपालनवाल्याला द्या, तो स्वतः टेम्पो घेऊन येईल. पत्रावळ्या ट्रॅक्टर लावून शेतात खड्ड्यात, वर माती. पेटवू मात्र नका, दंड होईल.

हळदीचं_पान
अवांतर: हॉल एसी आहे का? पुतण्याचं जमलंय, मे महिन्यातली तारीख पाहिजे होती.

येरळाकाठ
काकू, व्यक्तिगत निरोप करतो. मिरजकर, वराहपालनवाल्याचा नंबर असला तर पाठवा. कारकूनसाहेब, अर्जाचा नमुना टाका की इथं, मी सही करून उद्याच देतो.

निवृत्त_कारकून
टाकतो. पण पहिली मागणी पोरांच्या पगाराची लिहीन, गाडीची दुसरी. चालेल?